दोन चौकांच्या मधे रस्ता ओलांडणाऱ्यांचा सर्व्हे: झेब्रा, सिग्नल की पूल, हे ठरवायचं कशावरून?

सलगपट्टी (धागाकर्ता)

नागरिकांची निवेदनं असोत की कॉलेजचे प्रकल्प, मागणी ठरलेली असते: 'इथे झेब्रा मारा' नाहीतर 'इथे पूल बांधा'. सोबत मोजमाप नसतं, आणि मोजमाप नसलेला अर्ज फायलीत पडून राहतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. म्हणजे दिवसाला नव्वद. तरी 'लोकांना शिस्त नाही' यापलीकडे चर्चा सरकत नाही. धागा त्यासाठी नाही. चौकापासून दूर, मिडब्लॉकवर लोक कसे ओलांडतात हे मोजायचं कसं आणि त्या आकड्यांवरून कोणती सोय मागायची, एवढंच इथे बोलू.

माझ्याकडून सुरुवात.

जागा निवडताना बसथांबा, शाळा, मंडई किंवा दवाखान्याचं फाटक यांच्या समोरचा ५० ते १०० मीटरचा पट्टा घ्या. एकच बिंदू घेऊ नका, कारण लोक तिरके ओलांडतात. कॅमेरा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ठेवा, साधारण ६ ते ८ मीटर उंचीवर. खांबाला रस्त्याच्या पातळीवर लावलेल्या कॅमेऱ्यात बस आली की मागचं सगळं झाकलं जातं. रस्त्यावर खडूने किंवा टेपने चार बिंदू मारून त्यांची अंतरं टेपने मोजून ठेवा, नंतर चित्रातले पिक्सेल मीटरमध्ये बदलायला तीच लागतात. वाहनांचा वेग काढायला वाहतुकीच्या दिशेने ३० मीटरचा ट्रॅप (दोन खुणांमधलं मोजलेलं अंतर) पुरतो.

वेळ: सकाळी १० ते १२ असं सोयीचं चित्रण करून लोक मोकळे होतात. देशातल्या अपघातांचा सगळ्यात मोठा वाटा संध्याकाळी ६ ते ९ मध्ये असतो. ते तीन तास नसतील तर सर्व्हे अर्धवट आहे.

प्रत्येक ओलांडणाऱ्याची एक ओळ: काठावर आल्याची वेळ, पाऊल टाकल्याची वेळ, दुभाजकावर पोचल्याची आणि तिथून निघाल्याची वेळ, पलीकडे पोचल्याची वेळ, एकटा की घोळक्यात, वयाचा अंदाज (मूल, प्रौढ, वृद्ध, याहून बारीक गट व्हिडिओवरून करू नयेत), हातात सामान किंवा फोन, आणि समोरून येणारं वाहन कुठल्या प्रकारचं. शिवाय नाकारलेल्या गॅप (गॅप म्हणजे दोन वाहनांच्या मधला मोकळा वेळ). माणूस काठावर उभा असताना जेवढी वाहनं समोरून गेली तेवढ्या गॅप त्याने नाकारल्या. त्या नोंदल्याच नाहीत तर पुढचं गणित होत नाही.

खडी_डांबर

पहिला प्रश्न सरकारी बाजूने येतो तो पी-व्ही-वर्गाचा, म्हणून आधी तो सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:१०३ मध्ये जुना निकष आहे. पी म्हणजे गर्दीच्या तासातले ओलांडणारे (दोन्ही दिशा मिळून), व्ही म्हणजे त्याच तासातली वाहनं. पी × व्ही² ची किंमत दुभाजक नसलेल्या रस्त्यावर १० कोटींच्या वर गेली तर नियंत्रित ओलांडणीचा विचार करायचा. दुभाजक असेल तर २० कोटी. आकडा एका तासाचा नको, सगळ्यात गर्दीच्या चार तासांची सरासरी घ्या.

गोची व्हीमध्ये आहे. १००० वाहनं धरा, त्यांत ७०० दुचाकी, आणि हिशोबापुरत्या उरलेल्या ३०० सगळ्या कार. ओलांडणारे १२०. नुसती वाहनं मोजली तर १२० × १० लाख = १२ कोटी, निकष पार. आता कोणी पीसीयू, म्हणजे प्रत्येक वाहन किती कारच्या बरोबरीचं ते माप, लावले (आयआरसी:१०६ प्रमाणे दुचाकींचा वाटा १० टक्क्यांवर असेल तर दुचाकीला ०.७५) तर व्ही होतो ८२५ आणि उत्तर ८.१७ कोटी. नापास! तोच रस्ता, तीच माणसं. म्हणून अर्जात वाहनं कशी मोजली ते लिहा आणि दोन्ही आकडे द्या.

तिठा

खडी_डांबर, बरोबर. पण निकषाचा मोठा दोष वेगळाच आहे. रस्ता जितका भीतीदायक तितके ओलांडणारे कमी, आणि पी खाली आला की निकष म्हणतो इथे गरज नाही. शाळेसमोर मुलं दिसत नाहीत, कारण पालक दुचाकीवर आणून सोडतात. तो दबलेला आकडा कॅमेऱ्यात येत नाही. त्यासाठी शाळेच्या पटावरून पलीकडच्या बाजूला राहणारी मुलं किती ते मोजावं लागतं, आणि बसथांब्यावर दोन्ही बाजूंना चढणारे-उतरणारे मोजावे लागतात. सकाळी इकडच्या थांब्यावर चढणारा माणूस संध्याकाळी तिकडच्या थांब्यावर उतरतो, म्हणजे दिवसात एकदा तरी त्याला रस्ता ओलांडावा लागतोच.

विदाविनोद

धागा आवडला. आता संख्येकडे बघू, कारण बहुतेक एमटेक प्रबंध इथे घसरतात.

चालण्याच्या वेगासाठी नमुना किती? प्रमाण विचलन ०.२५ मीटर/सेकंद धरलं आणि सरासरी ±०.०३ पर्यंत हवी असेल तर (१.९६ × ०.२५ ÷ ०.०३)² म्हणजे साधारण २६७ माणसं. हे प्रत्येक गटाला. सगळे मिळून २६७ घेतले आणि त्यांत वृद्ध १४ निघाले, तर वृद्धांबद्दल काही बोलू नका.

आणि सिग्नलसाठी सरासरी वेग वापरायचाच नाही, १५वा पर्सेंटाइल वापरायचा, म्हणजे ज्याहून हळू फक्त १५ टक्के माणसं चालतात तो वेग. सरासरीवर वेळ ठेवली की जवळजवळ निम्मी माणसं लाल झाल्यावरही रस्त्यातच असतात. आपल्याकडे १.२ मीटर/सेकंद धरायची पद्धत आहे. अमेरिकेने २००९ मध्ये तोच आकडा सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणला, म्हणजे १.०७ मीटर. १४ मीटर रस्त्याला १.२ ने ११.७ सेकंद लागतात, १.०७ ने १३.१. दीड सेकंदासाठी भांडण कशाला, असं वाटेल. पण काठी घेतलेला माणूस त्या दीड सेकंदात शेवटच्या लेनमध्ये असतो.

गॅपच्या मॉडेलबद्दल: एक माणूस सहा गॅप नाकारतो आणि सातवी घेतो. हे सात स्वतंत्र निरीक्षण नाहीत, एकाच माणसाचे सात निर्णय आहेत. सरळ बायनरी लॉजिट (हो-नाही निर्णयाचं नेहमीचं मॉडेल) लावलं की प्रमाण त्रुटी खोटी लहान दिसते आणि प्रत्येक चल 'लक्षणीय' निघतो. माणसाच्या पातळीवर रँडम इफेक्ट घाला, म्हणजे प्रत्येकाचा वेगळा कल मॉडेलमध्ये धरला जातो. घोळक्याचंही तेच. पाच जण एकत्र निघाले तर निर्णय पुढच्या एकाचा असतो, बाकीचे चार त्याच्या आडोशाने जातात. घोळका हे एक निरीक्षण धरा आणि त्याचा आकार चल म्हणून ठेवा.

शलाका

विदाविनोद +१. एक तांत्रिक भर: मोबाइलवरचं चित्रण बऱ्याचदा बदलत्या फ्रेमदराने होतं. उजेड कमी झाला की फोन स्वतःच दर खाली आणतो. मग फ्रेम मोजून वेळ काढली की संध्याकाळचे सगळे आकडे वाकडे येतात. आधी फाइल ठरावीक २५ किंवा ३० फ्रेमला बदलून घ्या. २५ ला एक फ्रेम म्हणजे ०.०४ सेकंद, गॅप आणि पीईटी (माणूस आणि वाहन किती सेकंदांनी चुकले ते माप) दोन्हींसाठी पुरेसं.

दुसरं, एकूण चित्रणाच्या १० टक्के भागाची नोंद दोन जणांनी एकमेकांची न बघता करावी आणि जुळणी काढावी. 'पाऊल टाकलं' म्हणजे नक्की कधी? पहिला पाय कडेच्या दगडावरून खाली आला तेव्हा, की चालत्या लेनमध्ये शिरला तेव्हा? कडेला रिक्षा लागलेल्या असतील तर माणूस रिक्षांच्या रांगेबाहेर येऊन थांबतो आणि त्याची खरी वाट बघणं तिथे सुरू होतं. व्याख्या लिहून ठेवली नाही तर दोघांचे आकडे सेकंदाने वेगळे येतात. जॅकेट घालून, हातात पॅड घेऊन काठावर उभं राहू नका. वाहनवाले पोलिस समजून वेग कमी करतात.

आयआयटी मुंबईत व्हिडिओवरून वाहनांचे मार्ग काढण्यासाठी ट्रॅफिक डेटा एक्स्ट्रॅक्टर नावाचं अर्धस्वयंचलित साधन बनवलेलं आहे. लेन न पाळणाऱ्या वाहतुकीसाठी तेच बघा, लेनची शिस्त गृहीत धरणारी परदेशी साधनं आपल्या रस्त्यावर गोंधळतात.

मंदार_जो

मंडळी, सगळं मान्य, पण लोक गॅपची वाट बघतात कुठे? हात दाखवतात आणि सुटतात. मॉडेलमध्ये हे कसं बसवणार?

तिठा

मंदार, यावर आपल्याकडे काम झालंय. आयआयटी मुंबईच्या काडली आणि वेदगिरी यांनी २०१३ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावरचं चित्रण तपासलं. माणूस पूर्ण रस्ता मोकळा होण्याची वाट न बघता एकेक पट्टा पार करतो, मध्ये वेग आणि दिशा बदलतो. त्याला ते रोलिंग गॅप म्हणतात. गॅप स्वीकारण्यावर या सवयीचा मोठा परिणाम त्यांना दिसला. त्यामुळे नोंदीत 'रोलिंग: हो/नाही' हा रकाना हवाच. हात दाखवला का, वाहनाने वेग कमी केला का, हेही वेगळे रकाने.

लोक असं का करतात, ते समजायला साधं गणित पुरतं. पूर्ण रस्ता एका दमात ओलांडायला लागणारी किमान गॅप = रुंदी ÷ चालण्याचा वेग + ३ सेकंद (बघून निघायला). १४ मीटरला ११.७ + ३ = १४.७ सेकंद. दोन्ही दिशा मिळून तासाला ९०० वाहनं, म्हणजे सेकंदाला ०.२५, आणि ती विखुरलेली येतात असं धरलं तर १४.७ सेकंदांची गॅप येते शंभरात अडीच वेळा. सरासरी वाट बघणं? (ई^(क्यू×टी) − क्यू×टी − १) ÷ क्यू (क्यू म्हणजे सेकंदाला वाहनं, टी म्हणजे किमान गॅप), उत्तर १३९ सेकंद. सव्वादोन मिनिटांच्या वर!

आता मध्ये उभं राहायला जागा द्या. एका वेळी ७ मीटर, एकाच दिशेची ४५० वाहनं. किमान गॅप ८.८ सेकंद, सरासरी वाट ७.३ सेकंद. दोनदा मिळून १५ सेकंदांच्या आत. सिग्नल नाही, पूल नाही, फक्त मध्ये थांबायला जागा.

अमेरिकेची हायवे कपॅसिटी मॅन्युअल सांगते की वाट बघणं ३० सेकंदांच्या पुढे गेलं की माणूस अधीर होतो, आणि सिग्नल नसलेल्या जागी ४५ च्या पुढे गेलं की धोका पत्करण्याची शक्यता फार वाढते. दिल्लीच्या सात चौकांवर गीतम तिवारी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तेच दाखवलं: वाट जितकी लांबते तितके लोक लाल दिव्यावर निघतात. १३९ सेकंद उभं करून वर शिस्तीचे फलक लावण्यात काही अर्थ नाही.

विदाविनोद

एक टीप. वरचं सूत्र वाहनं स्वैर येतात असं धरतं. ३०० मीटरवर सिग्नल असेल तर वाहनं झुंडीने येतात आणि झुंडींच्या मध्ये मोठी मोकळीक मिळते. तिथे खरी वाट सूत्रापेक्षा बरीच कमी निघू शकते. म्हणून सूत्राचा आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी ठेवा. मोजलेला फारच कमी आला तर दोन शक्यता: झुंडी, किंवा लोक धोक्याच्या गॅप घेतायत. नाकारलेल्या आणि घेतलेल्या गॅपचे दोन चढते-उतरते आलेख जिथे छेदतात तो रॅफचा बिंदू काढा, म्हणजे लोक प्रत्यक्षात किती सेकंदांची गॅप पुरेशी मानतात ते कळतं. तो ८.८ च्या जागी ४ सेकंद आला तर दुसरी शक्यता खरी आहे.

खडी_डांबर

दुभाजकातल्या थांब्याला कागदावर कोणी नाही म्हणत नाही, साइटवर वाट लागते. मुख्य चुका:

जागा अरुंद. ६०० मिमीच्या दुभाजकात माणूस आडवा उभा राहतो आणि बाबागाडी दोन्हीकडे बाहेर येते. २ मीटर हवेत. नसतील तर दोन्हीकडच्या लेन थोड्या आवळून तेवढी जागा काढता येते, आणि त्याने वाहनांचा वेगही उतरतो.

फट ठेवली की दुचाकीवाले तिथून यू-टर्न मारतात, मग वॉर्ड ऑफिस फट बुजवतं. खांब लावायचे तर अंतराचा पेच आहे: चाकाच्या खुर्चीला किमान ९०० मिमी लागतात आणि दुचाकीचं हँडल ७०० ते ८०० मिमी. खुर्ची जाईल तिथून दुचाकी जाणारच. उपाय म्हणजे फट सरळ न ठेवता झेडच्या आकाराची करणं. इकडून शिरायचं, दुभाजकातून वाहनांकडे तोंड करून चार-पाच मीटर चालायचं, तिकडून निघायचं. वळण खुर्चीला पुरेल इतकं रुंद ठेवा. दुचाकीला ते वळण नकोसं होतं. शिवाय माणसाचं तोंड आपोआप येणाऱ्या वाहनांकडे होतं.

झाडं. थांब्याच्या आधीच्या २० मीटरांत गुडघ्याच्या वर वाढणारं काही लावू नका. बोगनवेलीआडून मूल निघालं तर कोणाला दिसणार?

मंदार_जो

म्हणजे आधी झेब्रा मारून बघायला काय हरकत आहे? रंगाचा खर्च किती तो.

शलाका

हरकत आहे. अमेरिकेत झेगीर आणि सहकाऱ्यांनी ३० शहरांतल्या १००० पट्टे मारलेल्या आणि १००० न मारलेल्या, सिग्नल नसलेल्या ओलांडण्या तपासल्या. दोन लेनच्या रस्त्यावर फरक निघाला नाही. अनेक लेनचा रस्ता, दुभाजक नाही आणि दिवसाला १२ हजारांहून जास्त वाहनं, तिथे नुसते पट्टे असलेल्या जागी पादचाऱ्यांच्या अपघाताचा दर जास्त निघाला. दुभाजक असेल तर ही सीमा १५ हजार. कारण सरळ आहे. पहिल्या लेनमधली बस थांबते, माणूस तिच्यापुढून निघतो, दुसऱ्या लेनमधल्या गाडीला बसमुळे तो दिसत नाही.

आपल्याकडे डाव्या बाजूने दुचाकी घुसतात, म्हणजे ही तिसरी लेन कागदावर नसतेच. त्यामुळे रुंद रस्त्यावर नुसता झेब्रा मागू नका. सोबत दुभाजकात थांबा, थांबरेषा झेब्र्याच्या बरीच आधी, आणि वेग कमी करणारी काहीतरी रचना हे एकत्र मागा. पट्टे थर्मोप्लास्टिकचे, २.५ मिमी जाड, वर काचेचे मणी चौरस मीटरला २५० ग्रॅम. मण्यांशिवायचा पट्टा रात्री वाहनाच्या दिव्यात नीट दिसत नाही.

सलगपट्टी

वेगाचा मुद्दा शलाकाने काढलाच आहे तर हिशोब मांडतो. प्रतिक्रियेला दीड सेकंद, कोरड्या रस्त्यावर ब्रेक ६ मीटर/सेकंद². ताशी ३० ला थांबायला १२.५ + ५.८, एकूण साधारण १८ मीटर. ताशी ५० ला २०.८ + १६.१, एकूण ३७ मीटर. आता २० मीटरवर माणूस आडवा आला असं धरा. ३० वाला त्याच्या आधी थांबतो. ५० वाल्याचा पाय अजून ब्रेकवर पोचलेलाही नसतो, धडक पूर्ण ५० ला बसते.

धडकेनंतरचं: जर्मनीच्या अपघात नोंदींवरून रोझेन आणि सँडर यांनी २००९ मध्ये काढलं की ५० ला मृत्यूचा धोका ४० च्या दुपटीहून जास्त आणि ३० च्या पाचपटीहून जास्त असतो. जुन्या तक्त्यांत हे धोके याहून बरेच मोठे दिसतात, कारण त्या नमुन्यांत गंभीर अपघात प्रमाणाबाहेर होते. अर्जात जुने तक्ते टाकू नका, हरकत घेणारा नेमका तेच धरतो.

मंदार_जो

आणि पूल? आमदार निधीतून पूल मिळतो, दुभाजकातला थांबा मिळत नाही.

तिठा

पूल वापरला जाईल का हे वेळेच्या गुणोत्तरावरून आधी सांगता येतं. ब्रिटनमधल्या मूर आणि ओल्डर यांच्या १९६५ च्या अभ्यासानुसार पुलावरून आणि खालून वेळ सारखा लागला तर ७० टक्के लोक पूल घेतात, भुयार असेल तर ९५ टक्के. पुलावरून दीडपट वेळ लागला की जवळजवळ कोणीच वर जात नाही.

आपला पूल बघा. खाली साडेपाच मीटर मोकळी उंची, वर पुलाची जाडी, म्हणजे सहा मीटर चढ. १५० मिमीच्या ४० पायऱ्या वर, ४० खाली. ढोबळ हिशोब: चढायला ३० सेकंद, पार करायला १५, उतरायला २५, जिन्यापर्यंत जाण्या-येण्याचा वळसा ३५. एकूण १०५. खालून थांब्यासह वाट १५ आणि चालणं १२, एकूण २७. गुणोत्तर जवळजवळ चार. लिफ्ट बंद पडली की वृद्धांसाठी गुणोत्तर मोजायलाच नको.

जिथे माणूस आधीच वर असतो तिथे चित्र वेगळं. एमएमआरडीएने मुंबईत २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक बांधला. स्टेशनच्या पुलावरून थेट निघणाऱ्या मार्गाला जादा चढ नसतो, म्हणून तिथे हिशोब जमतो. तोच नमुना स्टेशन नसलेल्या रस्त्यावर उचलून ठेवला की जमत नाही. निधी पुलाचाच असेल तर रेल्वे किंवा नाल्यावर बांधा, तिथे खालून जाण्याचा पर्यायच नाही.

विदाविनोद

अपघातांच्या आकड्यांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून. एका जागी तीन वर्षांत पादचाऱ्यांचे दोन-तीन अपघात, एवढ्यावर 'आधी-नंतर' तुलना होत नाही. ज्या वर्षी पाच झाले त्या वर्षी ओरड होते, काम होतं, पुढच्या वर्षी दोन होतात. ते काम न करताही झाले असते. म्हणून तशीच एक जागा काम न करता तुलनेसाठी ठेवा, आणि अपघातांऐवजी हुकलेल्या धडका मोजा. पीईटी म्हणजे माणसाने एक जागा सोडल्यापासून वाहन नेमक्या त्या जागी येईपर्यंतचे सेकंद. दीड सेकंदाच्या खालचे वेगळे काढा.

पण आपल्याकडे नुसता पीईटी फसवतो. रोलिंग गॅपमध्ये माणूस आणि रिक्षा ताशी १५ ला एकमेकांना सेकंदभरात चुकवतात आणि कोणाला काही होत नाही. ताशी ५५ च्या कारचा दोन सेकंदांचा पीईटी त्याहून वाईट. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात हायडेन यांनी बसवलेल्या पद्धतीत वेळेबरोबर वेगही धरतात. तसा दोन अक्षांचा आलेख करा.

खडी_डांबर

अर्जात आणखी एक जोडा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजशेखरन खटल्यात पदपथाचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो असं म्हटलंय, त्यामुळे 'निधी नाही' एवढंच उत्तर चालत नाही. पुण्यासाठी अर्ज असेल तर महापालिकेचं २०१६ चं पादचारी धोरण आहे, त्याचा हवाला द्या.

आणि उंच केलेली ओलांडणी मागणार असाल तर पाण्याचं आधी बघा. टेबल (हाच उंचवटा) दोन्ही पदपथांना टेकवलं की कडेचं पाणी अडतं, पहिल्याच पावसात तळं होतं आणि लोक टेबल सोडून पुढून ओलांडतात. कडेला ३०० मिमीची चर ठेवून वर लोखंडी जाळी टाका. जाळीच्या पट्ट्या वाहनांच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर सायकलचं चाक अडकतं. उतार फार उभा ठेवलात तर बस मागच्या चाकावर आपटते आणि बसवाले तक्रार करून टेबल काढायला लावतात. दिव्याचा खांब टेबलाच्या डोक्यावर नको, वाहन येतं त्या बाजूला तीन-चार मीटर अलीकडे हवा. तरच माणसाची चालकाकडची बाजू उजळते. माणसाच्या छातीच्या उंचीवर, उभ्या पृष्ठभागावर २० लक्स मिळतात का ते लक्समीटरने तपासा. ठेकेदार मीटर जमिनीवर आडवा ठेवून आकडा दाखवेल, तो घेऊ नका.